लाखेची बोरमाळ

मागच्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं आणि आम्ही तिघी, ती, वहिनी आणि मी, विट्याला सोनाराच्या दुकानात गेलो. पोरीच्या मोबाइलवर तीसेक फोटो साठवलेले. गळ्यालगत बसणारा रुंद चोकर, त्याच्या खाली लांब हार, कानात झुमके आणि दंडात वाकी. "आत्या, आता हेच चालतंय," ती म्हणाली. दुकानातल्या पोरानं लगेच मखमलीच्या पाटावर चार चोकर मांडले. पोरीनं एक गळ्यात घातला, आरशात बघितलं आणि गप्प बसली. चोकर सुंदरच होता, पण तो हनुवटीखाली पार गडप झाला होता.

मला आजी आठवली. माझ्या आजीची मानही अशीच आखूड होती.

आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस बेताचा. त्यामुळे दागिना म्हणजे हौस आणि कडब्याची गंजी, दोन्ही एकदमच. साल चांगलं गेलं की दागिना घरात यायचा आणि वाईट गेलं की निघून जायचा. गावातल्या बायकांच्या गळ्यात कुठल्या काळात काय होतं हे आठवायला बसलं, तर त्या त्या काळचा पाऊस न् बाजारभावच आठवतो.

माझ्या पणजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे सोन्याचं पातळ गोल नाणं. पूर्वी व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून आपल्याकडं यायची. त्यांच्यावर माणसांच्या उभ्या आकृत्या असायच्या, म्हणून लोक त्यांना पुतळी म्हणू लागले. पुढं आपल्या सोनारांनी त्याच मापाच्या चकत्यांवर राम-सीता, लक्ष्मी असे छाप उठवले. माळ बनली तरी ती मुळात नाण्यांचीच. एक पुतळी काढावी, मोडावी, बाकीच्या पुन्हा ओवून गळ्यात घालाव्यात. पणजीला ही माळ आवडायची त्याचं कारण तेच असणार.

मग मंदी आली. 1929 नंतर धान्याचे, गुळाचे, कापसाचे भाव कोसळले आणि सरकारी सारा मात्र तेवढाच राहिला. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. 1931 च्या सप्टेंबरात इंग्लंडनं पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, तसा सोन्याचा भाव वर चढला आणि खेड्यापाड्यातलं सोनं सोनारांकडून, सावकारांकडून मुंबईला आणि तिथून जहाजानं विलायतेला जाऊ लागलं. पणजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की जोंधळ्याला कुणी विचारीना आणि पुतळीला मात्र गिऱ्हाईक आहे. एकेक करत माळ संपत आली. शेवटी पाच पुतळ्या उरल्या.

1936 साली आजी लग्न होऊन घरात आली. नव्या सुनेला गळ्यात काहीतरी घालायलाच हवं. त्या पाच पुतळ्या सोनाराकडं गेल्या, त्यांत आजीच्या माहेरचं थोडं सोनं पडलं आणि चाळीस मण्यांची बोरमाळ झाली. बोरमाळेचा मणी बोराएवढा दिसतो, पण तो आतून पोकळ असतो. सोन्याचा पातळ पत्रा, आणि तो चेपू नये म्हणून पोटात लाख भरलेली. थोड्या सोन्यात गळा भरून दिसावा याची ही जुनी युक्ती. पणजीनं ती सुनेला सांगितली नाही. "तीन तोळ्याची माळ घातली बग तुज्या गळ्यात," एवढंच म्हणाली.

आजीच्या अंगावर रोजचं म्हणजे डोरलं, कानात फुलं, पायात जोडवी आणि चांदीचे तोडे. बोरमाळ जत्रेला, लग्नाला. घरात आरसा तळहाताएवढा, तरी आपल्याला काय शोभतं हे तिला पक्कं माहीत होतं. "ठुशी माज्या गळ्यात घुसती गं. टकुरं धडावर ठेवल्यागत दिसतं," असं म्हणायची. ठुशी गळ्यालगत बसते, तिला उंच मान लागते. बोरमाळ छातीवर उतरते, त्यामुळं आखूड मान लांब वाटते. आजीचा रंग काळा, म्हणून तिला मोठ्या मण्यांची माळ आवडायची. बारीक नाजूक काम काळ्या कातडीवर दिसत नाही असं तिचं मत होतं. नथही फार मोठी नको, बोलताना ओठावर येते म्हणून.

आईची गोष्ट निराळी. आई उंच, मान बगळ्यासारखी. तिला ठुशी अशी बसायची की बायका वळून बघायच्या. पण ती ठुशी तिच्या आईची, जुनी. आईचं लग्न 1964 चं आणि तेव्हा सुवर्ण नियंत्रण होतं. चीनच्या लढाईनंतर, 1963 च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना नियम झाला की 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या त्याच सोन्याच्या. तांबूस दिसायच्या, म्हणून बायका पुढं कैक वर्षं चेष्टा करायच्या, "हिच्या वाट्या मोरारजींच्या!" गावचा सोनार त्या दिवसांत लोकांच्या शेतात भांगलायला जाई. तराजू, ऐरण, फुंकणी गुंडाळून माळ्यावर. 1966 मध्ये ती 14 कॅरेटची अट गेली, पण सुवर्ण नियंत्रणाचा कायदा 1968 साली आला तो 1990 पर्यंत राहिला.

चुलती पन्हाळ्याकडची. तिला कोल्हापुरी साजाशिवाय दुसरं काही दागिना वाटायचंच नाही. कासव, मासा, बेलपान, भुंगा अशी सोन्याची पानं आणि मधे जवमणी. पूर्ण साज एकवीस पानांचा, पण तिचा दहाचा. तिकडं साजाला मंगळसूत्राचा मान. एकाच घरात तिघींचे गळे तीन तऱ्हेचे आणि कुणी कुणाचं बघून बदललं नाही. बदलायला पैसेही नव्हते, हे खरं. पण जेव्हा केव्हा निवडायची वेळ आली तेव्हा प्रत्येकीनं आपली मान, आपला रंग आणि आपलं माहेर बघूनच निवडलं.

1972 चा दुष्काळ मी सात वर्षांची असताना बघितला. विहिरी तळाला गेल्या. आई आणि चुलती खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जायच्या. घरात मिलोच्या तांबड्या भाकरी आणि आम्हा पोरांना सुकडी. आधी आजीचे तोडे गेले. "पाटी उचलताना पायाला जडच व्हायचं," म्हणाली आणि काढून दिले. मग बैलांच्या वैरणीपायी आबा बोरमाळेकडं बघू लागले. तोंडानं बोलले नाहीत. आजीनं एक दिवस माळ फडक्यात बांधली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही विट्याची एसटी धरली.

सोनारानं दोरा कापला. एक मणी चिमट्यात धरून त्यानं ज्योतीवर फुंकणी मारली. मणी तडतडला आणि त्यातून काळी लाख ओघळली. राळ जळाल्यासारखा वास दुकानभर झाला. आजी पुढं वाकून बघत होती. सोनारानं हिशेब सांगितला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एका मण्यात सोनं तीन गुंजा. चाळीस मण्यांचं सव्वा तोळा.

मला वाटलं, आता आजी भांडणार. ती बराच वेळ त्या काळ्या लाखेकडं बघत बसली. मग म्हणाली, "सासू लई हुशार व्हती माजी. छत्तीस वर्सं मी तीन तोळ्याचीच मिरवली की!" आणि हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. उठताना तिनं एक मणी मागून घेतला. सोनारानं त्याच्या तीन गुंजा पैशातून वजा केल्या. आजीनं तो डोरल्याशेजारी काळ्या पोतीत ओवला आणि शेवटपर्यंत तिथंच ठेवला.

आलेल्या पैशांत वैरण घेतली. एक बैल जगला, एक उन्हाळ्यात गेला.

ज्या मुलखातल्या बायकांचं सोनं असं मोडीत गेलं, त्याच मुलखातले पुरुष सोनं गाळायला देशभर गेले. खानापूर, आटपाडीकडची हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. माझा मामा कोइमतूरला होता. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, तेजाबानं शुद्ध करायचे, सोनारांच्या दुकानातला केरकचरा जाळून त्यातलं सोनं काढायचं. मामा सांगायचा, "मुशीत गेल्यावर आपली नथ कुठली न् त्यांची जिमिकी कुठली, काय बी कळत न्हाय." आमच्या भागात नवी फॅशनही या गलाईवाल्यांच्या बायकांनीच आणली. सिनेमाचा नंबर नंतर. जत्रेला त्या गावी यायच्या तेव्हा गळ्यात दक्षिणेकडचे रुंद हार, कानात घंटेसारखे झुमके. मामी तशी आली तेव्हा आजीनं हार हातात घेऊन वजन अजमावलं आणि तिच्याकडं नीट बघून म्हणाली, "तुला ब्येस दिसतंय बाय. तुजी मान हाय तसली."

तर परवा दुकानात चोकर परत पाटावर गेला. मी पोराला म्हटलं, "बोरमाळ दाखव." त्यानं तोंड वाकडं केलं, "ती जुनी फॅशन, मॅडम." तरी आतून काढली. मणी आता यंत्रावर घडतात, एकसारखे गुळगुळीत. कडीवर हॉलमार्कची खूण आणि सहा अंक-अक्षरांचा क्रमांक, त्यावरून सोनं किती शुद्ध ते कळतं. पोरीनं माळ घातली. ती छातीवर उतरली आणि पोरीची मान बोटभर लांब झाली. तिनं आरशात दोनदा बघितलं. "हीच," म्हणाली. तिच्या मोबाइलमधल्या तीस फोटोंत अशी एकही नव्हती. रुंद हार हौसेपुरता एक ग्रॅमचा घ्यायचं ठरलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पणजीनंही थोड्या सोन्यात गळा भरलाच होता.

घरी आल्यावर आईनं कपाटातली डबी उघडली. आजीचा मणी आत होता, एका बाजूला किंचित चेपलेला. नव्या माळेत तो मधे ओवला तर फिका दिसला. मग पोरीनंच तो पाठीमागं, गोंड्याच्या गाठीजवळ ओवून घेतला.

लग्नात माळ बांधायला मी मागं उभी होते. गाठ मारताना मणी बोटाला लागला. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत हलका.