१४१ गरजांचें खेडें

इ. स. १९६४ मध्यें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें एक बेताच्या आकाराचें पुस्तक प्रसिद्ध केलें. ग्रंथकर्ते ख्रिस्तोफर अलेक्झांडर. जन्म १९३६ चा, व्हिएन्ना येथला. बालपण इंग्लंडांत आणि शिक्षण केंब्रिज येथें, गणित व वास्तुशास्त्र या दोन्ही विषयांत. कोणत्याहि वस्तूस आकार द्यावयाचा तो कोणत्या रीतीनें द्यावा, हा पुस्तकाचा विषय. विषय तसा रुक्षच. परंतु अखेरीस उदाहरण म्हणून जें सविस्तर सोडवून दाखविलें आहे, तें लंडनचें किंवा न्यूयॉर्कचें नव्हे. सुमारें सहाशें वस्तीच्या एका भारतीय खेड्याचें आहे. ग्रंथकर्त्यांनीं गुजराथेंतील एका खेड्यांत कांहीं काळ राहून तेथील जीवनक्रम डोळ्यांनीं पाहिला होता.

त्या खेड्यास काय काय हवें याची त्यांनीं यादी केली. ती १४१ कलमांची झाली. गुरांची निगा, पाण्याची सोय, वाटण्या होऊन तुकडे पडणारी जमीन, थाटाचीं लग्नें, पाणी भरतांना बायकांच्या होणाऱ्या गप्पा, पुरुषांनीं रात्रीं उशिरांपर्यंत धूम्रपान करीत बसण्याची जागा, असें सर्व कांहीं तींत आहे. मग कोणत्याहि दोन कलमांचा एकमेकांशीं संबंध पोंचतो कीं नाहीं हें एकेक ठरवून ती सगळी जंत्री आय. बी. एम. कंपनीच्या संगणकास सोपविली. त्या गणितांतून कलमांचे बारा लहान गट पडले, आणि बारांचे पुनः चार मोठे. प्रत्येक गटाची गरज भागेल अशी एकेक आकृति काढावयाची आणि त्या आकृत्या जोडून अखेर सबंध गांवाची मांडणी सिद्ध करावयाची, असा हा प्रकार.

आज मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून जे हजारों तरुण-तरुणी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात, त्यांच्या तोंडीं 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द रोज असतो. मराठींत त्यास रचनेचा आकृतिबंध म्हणतां येईल. त्या शब्दाची वंशावळ शोधीत मागें गेल्यास ती याच खेड्यापाशीं येऊन पोंचते. मधला मार्ग मात्र नॉर्वे देशांतून जातो.

ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर या संस्थेंत क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल या दोघांनीं १९६० नंतरच्या दशकांत 'सिम्युला' नांवाची संगणकाची भाषा रचली. तिचें पूर्णत्वास पोंचलेलें रूप १९६७ सालचें. तोंवर प्रोग्रॅम म्हणजे हुकुमांची एक लांबलचक माळ असे. माहिती एकीकडे पडलेली, आणि वाटेल त्या हुकुमानें तिच्यांत वाटेल तेव्हां हात घालावा. या दोघांना मात्र रांगेंत उभें राहणारें गिऱ्हाईक, धक्क्यास लागणारें जहाज, कारखान्यांतून पुढें सरकणारा माल, यांच्या हालचालींची नक्कल संगणकांत उतरवावयाची होती. तेव्हां त्यांनीं माळ मोडली, आणि जहाज हीच एक स्वतंत्र वस्तु मानली. तिची माहिती तिच्यापाशीं, तिचीं कामेंहि तिच्यापाशीं.

ही गोष्ट यंत्राच्या भाषेपेक्षां बाजारांत लवकर समजते. वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांत, शेलूबाजार म्हणून गांव आहे. बाजार नांवांतच आहे. (खुद्द वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं.) अशा गांवीं तुरीचें पोतें घेऊन शेतकरी अडत्याकडे जातो तेव्हां तो भाव विचारतो, अडत्याच्या वहींत हात घालीत नाहीं. वही अडत्याची आणि तींत लिहिण्याचा अधिकारहि त्याचाच. बाहेरच्यानें निरोप द्यावा व उत्तर घ्यावें. पुढें तोच शेतकरी किराण्याच्या दुकानीं किंवा कापडवाल्याकडे जाऊन 'भाव काय?' असें विचारतो. प्रश्न एकच, परंतु प्रत्येकजण आपापल्या हिशेबानें निराळें उत्तर देतो. शिवाय 'दुकानदार' हा एक वर्ग मानला, तर अडत्या हा त्याचा पोटवर्ग झाला. दुकानदाराचे सर्व गुण त्यास वारशानें मिळाले. अडतीचा व्यवहार तेवढा अधिक. माहिती झांकून ठेवणें, एकाच निरोपास निरनिराळीं उत्तरें, आणि वारसा. वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग म्हणून ज्याचा बोलबाला आहे त्याचा मुख्य ऐवज एवढाच. बाकीचा पुष्कळसा भाग परिभाषेचा.

हा विचार पुढें अमेरिकेंत गेला. कॅलिफोर्नियांत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत अ‍ॅलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७२ पासून 'स्मॉलटॉक' ही भाषा घडविली. के यांनीं जीवशास्त्राचा अभ्यास केलेला होता, आणि शरीरांतील पेशींप्रमाणें प्रत्येक वस्तूनें आपलें अंतरंग राखून दुसरीस केवळ निरोप पाठवावे, अशी त्यांची कल्पना. बेल प्रयोगशाळेंत ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप यांनीं १९७९ पासून 'सी' भाषेस सिम्युलाच्या वर्गांची जोड दिली. १९९५ मध्यें 'जावा' आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तर १९६० मध्येंच 'टिफ्रॅक' हा स्वदेशीं घडविलेला संगणक चालू झाला होता. पुढें १९८१ मध्यें पुण्यास निघालेल्या टाटांच्या संशोधन व अभिकल्पन केंद्रांत, आराखडा नीट काढून दिल्यास प्रोग्रॅम यंत्राकडूनच लिहवून घेण्याचे प्रयत्न झाले. म्हणजे आपल्याकडचे लोक केवळ मजुरीचे धनी होते असें कोणीं समजूं नये.

इकडे अलेक्झांडर आपल्याच पद्धतीवर रुष्ट झाले होते. शहराची रचना झाडाच्या फांद्यांप्रमाणें एकांतून एक अशी फुटत नसते, असें त्यांनीं १९६५ मध्येंच लिहिलें. आणि १९७१ मध्यें त्याच जुन्या पुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेंत यंत्राचा गणिती भाग बाजूस सारून त्या लहान लहान आकृत्याच काय त्या महत्त्वाच्या, असें सांगितलें. त्याच आकृत्यांचें पुढें 'आकृतिबंध' असें नामकरण झालें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ सालीं २५३ आकृतिबंधांचा ग्रंथ काढला. खिडकी कोठें असावी येथपासून नगराची वस्ती किती असावी येथपर्यंत, पुनः पुनः उभा राहणारा प्रश्न आणि त्याचें कसास उतरलेलें उत्तर, असा तो संग्रह. उद्देश असा कीं, राहणाऱ्यानें आपलें घर आपण आंखावें.

संगणकवाल्यांनीं तो उचलला. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९८७ मध्यें केवळ पांच आकृतिबंध हाताशीं देऊन, ज्यांना प्रोग्रॅम वापरावयाचा होता त्यांच्याकडूनच त्याच्या पडद्यांची मांडणी करवून घेतली. ही गोष्ट मूळ उद्देशाच्या फार जवळची होती. परंतु नांव झालें तें १९९४ सालच्या ग्रंथाचें. गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनीं त्यांत २३ आकृतिबंध दिले: वस्तु निर्माण करण्याचे ५, त्यांची जुळणी करण्याचे ७, त्यांच्या वागणुकीचे ११. त्यांतील एक म्हणजे आपली दवंडीच होय. वार्ता असणाऱ्यानें घरोघर कोण राहतो हें जाणण्याची गरज नाहीं, ज्यांनीं नांव नोंदविलें त्यांस ती पोंचते. दुसरा दुभाष्याचा, दोघांची भाषा न बदलतां मध्यें तिसरा उभा करावयाचा. वारशाविषयीं मात्र हे चौघे सावध होते. वारसा वाढवीत नेण्यापेक्षां निरनिराळ्या वस्तु जोडून काम साधावें, असा त्यांचा स्पष्ट सल्ला. कारण पूर्वजांत फेरफार झाला कीं वंशजांचें काम बिघडतें.

वारशाची ही अडचण खेड्याच्या यादींत त्याहून उग्र रूपानें दिसते. त्या यादींतील पहिलेंच कलम हरिजन अस्पृश्य मानले जातात हें आहे. जातीच्या माणसानें शक्य तों जातीचाच धंदा करावा, एका जातीच्या लोकांस दुसऱ्यांपासून वेगळें राहणें आवडतें, हीं कलमेंहि त्याच्या मागोमाग येतात. आणि एकविसावें कलम आहे, अस्पृश्यतेचें निर्मूलन! तसेंच बलुत्याप्रमाणें धान्यरूपानें मोबदला देण्याचें एक कलम, व त्याच्या पाठोपाठ रोकडीकडे वळण्याचें दुसरें. गांवकऱ्यांना वाटणाऱ्या गरजा, सरकारी धोरणाच्या गरजा आणि चालत आलेल्या रीति, या तिन्ही ग्रंथकर्त्यांनीं एकाच रकान्यांत घातल्या होत्या. यंत्रास दोन कलमांचा संबंध आहे एवढेंच कळतें. तो संबंध मैत्रीचा कीं वैराचा, आणि दोहोंपैकीं न्याय्य कोणतें, हें त्यास विचारलेलेंच नव्हतें.

आणि हें केव्हां? भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली ती २६ जानेवारी १९५० पासून. म्हणजे पुस्तक निघण्यापूर्वीं चौदा वर्षें. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तर १९२७ चा. ज्यानें पाण्यासाठीं मार खाल्ला त्यास, अस्पृश्यता ही गांवाची एक 'गरज' आहे काय, असें विचारलें असतें तर यादी निराळी झाली असती. लेखकांनीं जें दिसलें तें प्रामाणिकपणें टिपलें, यांत शंका नाहीं. पण गांवाची गरज कोणास विचारून लिहावयाची, हा प्रश्न त्या टिपणीनें सुटला नाहीं.

नीगार्ड यांस तो प्रश्न पडला होता. १९७१ ते १९७३ या काळांत ते नॉर्वेच्या लोखंड व धातु कामगारांच्या संघाबरोबर काम करीत राहिले, कारखान्यांत येणाऱ्या संगणकाविषयीं कामगारांस स्वतःचें ज्ञान व्हावें आणि त्या व्यवस्थेंत त्यांचा शब्द चालावा म्हणून. ज्या माणसानें 'वर्ग' ही कल्पना यंत्रांत आणली, त्यानेंच हें केलें. डाल व नीगार्ड हे दोघेहि २००२ सालीं, थोड्याच आठवड्यांच्या अंतरानें वारले.

अलेक्झांडर यांस १९९६ मध्यें सॅन होजे येथें संगणकतज्ज्ञांच्या परिषदेपुढें भाषणास बोलाविलें होतें. त्यांचें वय तेव्हां साठ वर्षांचें. विचारांची देवघेव करण्यास एक सोयीचा घाट म्हणून तुम्ही आकृतिबंध वापरतां हें दिसतें, परंतु त्यांच्या योगानें माणसांचें जीवन बरें होतें काय, असें त्यांनीं तेथें विचारलें. १७ मार्च २०२२ रोजीं ते इंग्लंडांत निवर्तले. १४१ कलमांची ती यादी जुन्या पुस्तकाच्या परिशिष्टांत आजहि वाचावयास मिळते. पहिल्या कलमापासून एकविसाव्यापर्यंत यावयास तींत फार पानें उलटावीं लागत नाहींत.