बीज, क्षेत्र आणि दासी

धुळ्यास गेलो की राजवाडे संशोधन मंडळाकडे एक फेरी होतेच. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस याच गावी वारले. विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना पूर्वजांची अब्रू झाकण्याचा मोह त्यांना पडला नाही. नियोगाची कथा तशाच निर्भीडपणे वाचली, तर आजच्या एका प्रश्नाचे मूळ तीत सापडते.

विचित्रवीर्य निपुत्रिक वारला आणि वंशासाठी सत्यवतीने व्यासांना बोलाविले. अंबिकेने भीतीने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. अंबिकेस पुन्हा जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा तिने आपले दागिने दासीच्या अंगावर चढवून तिला पाठविले. विदुर हा त्या दासीचा. राणीला जे नको, ते दासीच्या वाट्याला आले. मात्र व्यासांनी तिला दास्यातून मुक्त केले, हेही विसरू नये.

शास्त्रकार बीज पुरुषाचे व क्षेत्र स्त्रीचे मानीत. स्त्रीचेही बीज बाहेर काढता येते, ही गोष्ट आपल्या काळातली. 1978 साली इंग्लंडात व कलकत्त्यात, 1986 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने, शरीराबाहेर फळलेल्या बीजाचे मूल जन्मले. पुढे आईचीच वाटणी झाली : बीज एकीचे, कूस दुसरीची, पाळणा तिसरीच्या घरी.

स्त्रीबीज देणारीला दहाबारा दिवस रोज सुई टोचून घ्यावी लागते. मग भूल देऊन योनिमार्गे सुईनेच बीजे ओढून घेतात. पोट फुगते, क्वचित अंडाशये इतकी सुजतात की जिवावर बेतते. 2010 साली मुंबईत 17 वर्षांची एक मुलगी बीज दिल्यानंतर दगावली. कूस देणारीचे, म्हणजे सरोगसीचे, दिव्य नऊ महिन्यांचे. तयार गर्भ आत ठेवण्याआधी आणि नंतरही कित्येक आठवडे औषधे चालू राहतात. बाळंतपणाचे धोके तर आहेतच.

शेजारच्या गुजरातेत, आणंदला, याची मोठी पेठ वसली होती. 2021 च्या कायद्यांनी, 25 जानेवारी 2022 पासून, पैशाचा हा व्यवहार बंद केला. कूस देणारी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, 25 ते 35 वर्षांची हवी. तीही आयुष्यात एकदाच. तिला 36 महिन्यांचा विमा मिळतो. बीज देणारी 23 ते 35 वर्षांची असावी. तिनेही एकदाच द्यावे, आणि 7 पेक्षा अधिक बीजे काढू नयेत. लेखी संमती हवीच. अंबिकेला हे कोणी विचारले नव्हते, एवढी प्रगती खरी. पण डॉक्टरला फी, वकिलाला फी आणि कूस तेवढी फुकट, हे मला पटत नाही. या बाबतीत व्यास अधिक उदार म्हणावे लागतील.

जळगावकडच्या एका खेड्यात हे सारे मी बायकांना समजावून सांगत होतो. एका म्हातारीने मध्येच विचारले, “गुरुजी, पन दूधनं काय करानं?”

मूल नेले तरी दोनतीन दिवसांत पान्हा फुटतोच. गोळ्या देऊन तो आटवितात, असे मी सांगितले. ती काही बोलली नाही; सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा पुन्हा फोडू लागली.