नांदेड विद्यापीठाची प्रवेशसंख्या वाचताना

"मराठवाड्यात विद्यार्थी घटले" असं प्रबंधात लिहायच्या आधी तक्त्यावरचं वर्ष बघा. 1958 पर्यंत इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. 1950 चं नांदेडचं पीपल्स कॉलेजसुद्धा. मग औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं. 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं त्याच्याकडे गेली. त्यानंतर औरंगाबादच्या आकड्यात दिसणारी ही घट म्हणजे मुलं कमी झाली असं नाही, रजिस्टर बदललं. (1999 ला परभणीतून हिंगोली निघाला, म्हणून आता चार जिल्हे, क्षेत्र तेच.)

लातूरचा घोळ आणखी मजेशीर आहे. तिथली अकरावी-बारावीची गर्दी राज्य मंडळाची, विद्यापीठाची नव्हे. 'नीट' झाली की त्यातली बरीच मुलं बाहेर जातात, आणि त्याच आवारातल्या बीएस्सीच्या पटावर त्यांचं नाव कधी येतच नाही.

आता 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आहे: तीन वर्षांत पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स, पुढे एमएस्सी एकाच वर्षाची. पुढे एमएस्सी प्रथम वर्षाचा आकडा घसरलेला दिसला, तर ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचा पट शेजारी ठेवूनच मोजा.