विदर्भ किती जागेत मावतो?

संगणकीय माहिती साठवणाऱ्या साधनांची तुलना बाइटच्या आकड्यांत केली जाते. बाइट म्हणजे आठ बिटांचा संच. त्यात २५६ वेगवेगळ्या मूल्यांपैकी कोणतेही एक मूल्य नोंदवता येते. मात्र एखाद्या साधनात काय आणि किती मावते हे एखाद्या परिचित वस्तूशी ताडून पाहिल्याखेरीज त्या आकड्यांचा अर्थ पुरता उलगडत नाही, आणि नागपुरात असे माप हाताशी आहे. ते म्हणजे सुमारे ९७,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या विदर्भाची जमीन.

जमिनीची नोंद ठेवणे हे या शहराचे जुने काम आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय अमरावती मार्गावर आहे, पुढे देशातील पाच प्रादेशिक सुदूर संवेदन सेवा केंद्रांपैकी एक नागपुरात आले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही येथेच उभे राहिले. तोवर जमिनीची माहिती साठवण्याचे मुख्य साधन कागद होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या एका नकाशात या अक्षांशावर सुमारे सातशे चौरस किलोमीटर प्रदेश येतो. म्हणजे निव्वळ क्षेत्रफळाच्या हिशेबाने विदर्भासाठी जवळपास एकशे चाळीस नकाशे लागतात.

१७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा सुदूर संवेदन उपग्रह बायकोनूरहून अवकाशात गेला, आणि नोंदीचे एकक बदलले. त्याच्या लिस-१ या कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल, जमिनीवरील ७२.५ मीटर लांब-रुंद चौरसाएवढा होता. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ५२ गुंठे, म्हणजे एक एकर बारा गुंठे. प्रत्येक बिंदूसाठी प्रकाशाच्या चार पट्ट्यांतील चार मूल्ये नोंदली जात. प्रत्येक मूल्याला एक बाइट धरला, तर एका चौरस किलोमीटरला सुमारे ७६० आणि सबंध विदर्भाला सुमारे ७ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे ७४ मेगाबाइट लागतात.

या मापाने त्या काळची साधने तोलून पाहता येतात. ऐंशी स्तंभांच्या पंच कार्डावर, म्हणजे छिद्रांच्या रूपाने अक्षरे नोंदवणाऱ्या जाड कागदी पत्त्यावर, ऐंशी अक्षरे मावत. त्या हिशेबाने विदर्भाला सव्वानऊ लाख कार्डे लागली असती. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत, म्हणून फ्लॉप्या बावन्न लागल्या असत्या. उपग्रहाची माहिती प्रत्यक्षात हाताळली जाई ती अर्धा इंच रुंद चुंबकीय टेपवर. या टेपच्या रुंदीत नऊ समांतर मार्ग असत. आठ मार्गांवर बाइटचे आठ बिट आणि नवव्यावर चूक ओळखण्यासाठीचा पडताळा बिट लिहिला जाई. २,४०० फूट लांबीच्या रिळावर दर इंचाला १,६०० बाइट लिहिले तर कमाल ४६ मेगाबाइट होतात, आणि नोंदींच्या गटांमध्ये सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेमुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच मावत. म्हणजे विदर्भासाठी दोन रिळे लागत. दर इंचाला ६,२५० बाइटांची घनता आल्यावर तेच काम एका रिळात भागू लागले.

पुढे सुमारे ६५० मेगाबाइटांची सीडी आली, आणि १९८८ च्या मापाचा विदर्भ तिच्यात आठ वेळा मावला असता. पण तोवर मापच बदलले होते. डिसेंबर १९९५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या आयआरएस-१सी उपग्रहाच्या कृष्णधवल कॅमेऱ्याचा बिंदू ५.८ मीटरचा होता, त्यामुळे एकाच पट्टीतील विदर्भाला २.९ गिगाबाइट, म्हणजे पाच सीडी लागू लागल्या. ४.७ गिगाबाइटांच्या डीव्हीडीने तो पुन्हा एका तबकडीत आणला, तोच मे २००५ मधील कार्टोसॅट-१ ने अडीच मीटरचा बिंदू दिला. आता एका गुंठ्यात सोळा बिंदू बसू लागले, आणि प्रत्येक बिंदूच्या दहा बिटांसाठी दोन बाइट धरल्यास विदर्भ ३१ गिगाबाइटांचा, म्हणजे सात डीव्हीडींचा झाला. आजच्या ६४ गिगाबाइटांच्या पेनड्राइव्हमध्ये तो दोनदा मावतो.

या तुलनेत क्षमतेइतकीच महत्त्वाची असलेली एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे वाचनीयता. कागदी नकाशा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. टेपला मात्र तिचे यंत्र लागते, आणि तिच्यावरील चुंबकीय थर उष्णतेने व दमटपणाने खराब होत असल्यामुळे पंचेचाळीस अंशांपुढे जाणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात तिला वातानुकूलित खोलीही लागते. म्हणूनच जुन्या साधनावरील माहिती वेळेत नव्या साधनावर उतरवून घेणे हा साठवणुकीचाच भाग ठरतो.

आयआरएस-१ए अवकाशात गेल्यानंतर महिनाभराने, २२ एप्रिल १९८८ रोजी, वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि कालांतराने भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील गावे आणि शेते त्याच्या जलाशयाखाली गेली. धरणापूर्वीचे ते खोरे बावन्न गुंठ्यांच्या त्या जाडसर बिंदूंत नोंदले गेले आहे, आणि आजचा कोणताही सूक्ष्म कॅमेरा त्याचे चित्र पुन्हा घेऊ शकत नाही. ७४ मेगाबाइटांची ती नोंद आज पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावते. तिचे मोल मात्र तिने व्यापलेल्या जागेवरून ठरत नाही.