फोडशीची पात आणि मुसळीचे मूळ

मृगाच्या सरी पडल्या की कुडपणसारख्या सह्याद्रीतल्या गावांना फोडशीच्या भाजीची आठवण होतेच. फोडशी हे काही एकाच झाडाचे नाव नव्हे. एका कुळातली अनेक भावंडे या नावाने ओळखली जातात. सफेद मुसळी त्यांतलीच. रानाच्या विरळ सावलीत ती वाढते. पावसाळा सरला की पात वाळते, पण जमिनीत मुळ्यांचा झुबका जिवंत राहतो.

मुसळी हे नाव वैद्यांच्या तोंडी जुनेच. शास्त्राने मात्र या जातीला नाव दिले ते 1955 साली. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या रानावरून तिला ‘बोरिविलियानम’ म्हटले.

पात खुडली तरी झाड पुन्हा फुटते. पुढे मुळाला भाव आला, तशी रानातून झाडेच्या झाडे उपटली जाऊ लागली. 1990 नंतर शेतांत लागवडीची लाट आली. बेणे महाग विकले गेले, मग भाव कोसळले आणि पुष्कळ शेतकरी अडचणीत आले.

तेव्हा बाजाराच्या आशेने नको, पण झाड राखण्यासाठी परसात एक वाफा जरूर करावा. वाफा उंच हवा, पाणी साचता कामा नये. शेणखत घालून जूनमध्ये लागण करावी. नुसती मुळी फुटत नाही, बरं का! तिला माथ्याचा डोळा लागतो. बेणे मात्र रोपवाटिकेतूनच आणावे. गुरुजींनी शाळेच्या बागेतही मुलांकडून असा एक वाफा करवून घ्यावा.