पिस्तुलाचें म्यान

तलवारीच्या म्यानाचा विषय निघाला कीं मखमल, सोनेरी नक्षी आणि राजदरबार डोळ्यांपुढें येतो. पिस्तुलाच्या म्यानाचें भाग्य तसें नाहीं. कातड्याची ती एक साधी खोळ. तिला होल्स्टर म्हणतात, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तिच्यावर दोन परस्परविरोधी कामें सोंपविलेलीं आहेत. शस्त्र घट्ट धरून ठेवणें हें एक, आणि क्षणार्धांत तें हातीं देणें हें दुसरें. फार घट्ट धरलें तर संकटाच्या वेळीं शस्त्र निघत नाहीं. सैल सोडलें तर धांवत्या घोड्यावरून तें वाटेंत पडतें. होल्स्टरचा सारा इतिहास म्हणजे या दोन कामांची तडजोड होय.

आरंभीं पिस्तूल स्वाराच्या कमरेला नसे. घोडेस्वारांचीं जुनीं पिस्तुलें लांब व जड असत. खोगिराच्या पुढच्या अंगाला डावीउजवीकडे लावलेल्या दोन चामडी खोळींत तीं ठेवीत. सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं अमेरिकेंत रिव्हॉल्व्हरचें पेटंट घेतलें. १८४७ सालचें त्याचें ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हर सुमारें दोन किलो वजनाचें होतें. तेंही खोगिरालाच अडकवावें लागे. या व्यवस्थेंत मोठा धोका होता. घोडा उधळला कीं त्याच्याबरोबर शस्त्रही जाई आणि स्वार ऐन गर्दींत निःशस्त्र होई. १८५१ चें ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आंत बसलें, आणि कमरेच्या होल्स्टरला खरी चालना मिळाली.

त्या रिव्हॉल्व्हरांत दारू व गोळी पुढून भरीत आणि मागें तांब्याची लहानशी टोपी बसवीत. ओल शिरली म्हणजे बार फुसका जाई. म्हणून लष्करानें होल्स्टरला मोठें झांकण ठेवलें. १८४९ नंतर सोन्याच्या शोधांत कॅलिफोर्नियाला लोटलेल्या लोकांसाठीं मात्र कारागिरांनीं झांकणावांचूनची, पिस्तुलाच्या आकाराला बेतलेली अरुंद खोळ केली. पुढें धातूचीं काडतुसें आलीं, पावसाची भीति ओसरली आणि मेक्सिकन धर्तीचें होल्स्टर रुळलें. कातड्याचा एकच मोठा तुकडा मागें दुमडून त्याला आडव्या चिरा पाडीत आणि खोळ त्या चिरांतून ओंवीत. पिस्तूल तींत खोल व निश्चल बसे. चित्रपटांत मांडीवर लोंबणारें जें होल्स्टर दिसतें, तें बव्हंशीं विसाव्या शतकांतील पडद्याची करामत आहे. खरे सावध लोक सहा घरांच्या चक्रांत पांचच काडतुसें भरीत. कारण चापाच्या वरच्या घोड्यावर नुसता आघात झाला तरी बार उडण्याचें भय असे.

होल्स्टरच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध प्रकरण हिंदुस्थानांत घडलें. १८५७ च्या उठावाची धग रोहिलखंडांत अद्याप विझली नव्हती. ३१ ऑगस्ट १८५८ रोजीं पिलिभीतच्या बाजूस सीरपुरा येथें, पंजाबी घोडदळाचा इंग्रज अधिकारी सॅम्युएल ब्राउन उठावांतील सैनिकांच्या एका तोफेवर चालून गेला. सैनिकांनीं त्याला घेरलें. एक वार त्याच्या गुडघ्यावर बसला आणि दुसऱ्यानें त्याचा डावा हात खांद्यापासून तोडला. तो जगला व नोकरींतही राहिला; परंतु एकहाती माणसापुढें नवीच अडचण उभी राहिली. त्या काळीं तलवारीचें म्यान पट्ट्यांवरून लोंबत असे, आणि तलवार उपसतांना डाव्या हातानें तें धरावें लागे. तो हात गेल्यावर काय करावें? म्यान जागच्या जागीं राहील असा रुंद कमरपट्टा आणि त्याचा भार पेलणारा, खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा, हें त्यानें काढलेलें उत्तर. महाराष्ट्राला तलवारीचें पडदळ परिचित आहे. ही कल्पना त्याच्याच जवळची. याच पट्ट्यावर झांकणाचें होल्स्टरही बसलें. जखमी माणसाची ही सोय धडधाकट अधिकाऱ्यांनीं उचलली, आणि पहिल्या महायुद्धांत इतर देशांच्या सैन्यांतही ती पोंचली. ब्राउन १९०१ सालीं वारला. भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या समारंभाच्या गणवेषांत ‘सॅम ब्राउन’ पट्टा आजही दिसतो.

असें होल्स्टर निवडतांना पहिला विचार कातड्याचा. झाडांच्या सालीनें कमावलेलें कातडें भिजवून शस्त्रावर दाबलें असतां त्याचा आकार घेतें आणि वाळल्यावर तो सोडीत नाहीं. युरोपांत यासाठीं ओकची साल वापरीत. कानपुराकडे बाभळीची, दख्खनेंत व मद्रासकडे तरवडाची. क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेलें कातडें लवकर तयार होतें, परंतु मऊ राहतें व आकार तितका धरीत नाहीं. होल्स्टर त्या विशिष्ट शस्त्रासाठींच बेतलेलें असावें. चाप पूर्ण झांकलेला असावा. शस्त्र उपसल्यावर खोळीचें तोंड मिटूं नये. जुन्या होल्स्टरची मऊ पडलेली कड आंत दुमडून चापांत शिरली, तर शस्त्र ठेवतांनाच बार उडतो. तेव्हां तोंड सैल पडलेलें किंवा टांका उसवलेलें होल्स्टर जिव्हाळ्यापोटीं वापरीत राहणें हा जिवाशीं खेळ आहे.

दुसरा विचार निगेचा. कातडें भिजलें तर सावलींत सावकाश वाळवावें. कडक उन्हानें किंवा शेगडीच्या आंचेनें तें तडकतें. तेल फार पाजलें तर त्याची पकड जाते. धूळ व घाम पुसून वर मेणाचा पातळ हात पुरे होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शस्त्र होल्स्टरमध्यें सांठवूं नये. कातडें हवेंतील ओल शोषतें व ती पोलादाला देतें. कमावण्याच्या सालींतील आम्लानें पितळेवर हिरवा कळंक चढतो. चामडी पट्ट्यांतील काडतुसांवर असा कळंक धरतो हें अमेरिकन लष्कराच्या अनुभवास आलें, आणि अँसन मिल्स या अधिकाऱ्यानें सुती विणीचा काडतूसपट्टा काढला. कोंकणासारख्या दमट प्रदेशांत तर पावसाळ्याचे थोडे दिवसही गंज चढण्यास पुरतात. म्हणून काम संपतांच परवानाधारकानें शस्त्र बाहेर काढावें, रिकामें करावें, पुसावें व कुलपांत ठेवावें. आणि होल्स्टर मोकळ्या हवेंत निराळें टांगावें.