भाजल्या मातीतील पाण्याची वाट



झिरपणे, पाझरणे आणि मुरणे ही क्रियापदे मराठी माणूस न चुकता वेगवेगळी वापरतो. पाझर डोळ्यांना दिसतो. मुरणे आतल्या आत चालते. माठाचे अंग ओलावले की पाणी बाहेर पोचल्याचे कळते. परंतु भाजल्या मातीतून ते कोणत्या चालीने आले, हे माठ न फोडता पाहण्याची सोय फार काळ नव्हती. ती सोय कशी झाली, त्याचा हा अल्प इतिहास आहे.

तर्क आधी झाला होता. आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. तो पूर्ण भिजलेल्या वाळूचा. कोरडी वीट पाणी ओढते ती केशाकर्षणाने. आडव्या, केसासारख्या नळीत असे शिरणाऱ्या द्रवाला दुप्पट अंतर कापण्यास चौपट वेळ लागतो, हे एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडले. विटेतील छिद्रे मात्र सरळ नळ्या नव्हेत. वीट तोडून तुकड्यांचे वजन करावे, तर त्याच विटेतला पाण्याचा पुढचा प्रवास तिथेच संपतो.

१८९५ चे क्ष-किरण हाताची हाडे दाखवू शकले, पण विटेतील पाणी त्यांना ठळक दिसेना. १९३२ मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला. पाण्यातील हायड्रोजन न्यूट्रॉनांना अडवतो, भाजलेली माती त्यांना बरीचशी वाट देते. म्हणून न्यूट्रॉनांच्या छायाचित्रात ओल उठून दिसते.

पुढे चुंबकीय अनुस्पंदन आले. रुग्णालयातील ‘एमआरआय’ आपणा सर्वांस ठाऊक आहे; परंतु पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेली पहिली प्रतिमा देहाची नव्हती. ती पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची होती! सहाच वर्षांनी, १९७९ मध्ये, हॉल, हॉफ आदी ब्रिटिश संशोधकांनी त्याच तंत्राने सच्छिद्र बांधकाम-साहित्यात पुढे सरकणारे पाणी टिपले.

विटेने मात्र सहज दाद दिली नाही. तिला तांबूस रंग देणारे लोहच संदेश बिघडवी. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे लेओ पेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात खास यंत्रणा वापरून वाळत्या विटेतील ओलीचे आलेख मिळवले. आरंभी ओल सर्व खोलीत जवळजवळ सारखी उतरते; नंतर पृष्ठभाग कोरडा पडतो आणि ओलीची सीमा आत सरकू लागते. पाणी पृष्ठापर्यंत येत असते तोवर क्षार बाहेर येऊन लोणा धरतो; सीमा आत गेली की क्षारांचे स्फटिक आतच वाढतात आणि पापुद्रे सुटतात.

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या ओल्या विटांवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवताना हे कोणी ध्यानी घेत नाही. ते आलेख पाहिल्यापासून, वरून हात फिरवून ‘भिंत वाळली’ असे सांगणाऱ्या कंत्राटदारावर माझा विश्वास राहिलेला नाही.